सेल्फ मारला की नुसतं टक्: स्टार्टर खोलायच्या आधी काय तपासायचं आणि खोललाच तर कसा बदलायचा

चावी फिरवली, डॅशबोर्डचे लाइट छान लागले, आणि पुढे नुसतं टक्. परत फिरवली, परत टक्. बॉनेट उघडून बघितलं तर सगळं जागच्या जागी, आणि आजूबाजूला जो कोणी उभा असेल त्याचं निदान तयार असतं, "सेल्फ गेला". गेला असेलही, पण बऱ्याच वेळा बिचारा स्टार्टर धडधाकट असतो आणि मार खातो दुसऱ्याच्या पापाचा.

मी पहिल्यांदा स्टार्टर बदलला तेव्हा अख्खी दुपार गाडीखाली आडवा होतो, डोळ्यात माती, कोपर सोललेलं, नवाकोरा स्टार्टर बसवून बाहेर आलो, चावी फिरवली आणि टक्. अगदी तोच टक्, जुन्या स्टार्टरवाला. गडबड निघाली इंजिनवरून चॅसीला जाणाऱ्या काळ्या केबलमध्ये, बाहेरून ठणठणीत दिसत होती, लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, सोडवून बघितला तर आत तांब्याची हिरवी भुकटी. म्हणजे दहा मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून घरचा नियम केलाय, आधी मीटर, मग पाना. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातला अर्ध्याहून जास्त भाग तपासणीचाच आहे, बदलणं त्यामानाने सोपं आहे, नटबोल्टचं काम, ते कोणीही करेल.

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, सॉकेट सेट आणि त्याला एखादं लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, गंज सैल करायचा स्प्रे, जॅक आणि दोन जॅक स्टँड. आणि चावी फिरवायला एक माणूस, तो मात्र सांगितलं तेवढंच करणारा हवा, उत्साही नको.

आत नक्की काय होतं ते आधी समजून घ्या

हे वगळू नका, कारण पुढच्या सगळ्या टेस्ट यावरच आहेत. स्टार्टर म्हणजे दोन वस्तू एकत्र, एक मोठी मोटर आणि तिच्या पाठीवर बसलेला छोटा डबा, तो सोलेनॉइड. सोलेनॉइडवर तीन जागा असतात. एक जाड बोल्ट ज्यावर बॅटरीची जाड केबल थेट येते, त्यावर कायम करंट असतो, बऱ्याच स्टार्टरवर तिथे ३० असा आकडा असतो. दुसरी बारीक पिन किंवा छोटा बोल्ट, ५० आकड्याची, चावी फिरवल्यावर फक्त हिलाच करंट येतो. आणि तिसरा जाड बोल्ट, तिथून एक जाड वायर किंवा पट्टी मोटरच्या पोटात जाते, त्याला आपण मोटरचं टर्मिनल म्हणू.

चावी फिरवली की ५० नंबरला करंट येतो, सोलेनॉइडच्या आतल्या दोन कॉइल मिळून एक लोखंडी दांडा आत ओढतात. त्या दांड्याला एक काटा अडकवलेला असतो, तो पुढचा छोटा दात्यांचा गियर, पिनियन, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या, कडेवरच्या रिंग गियरमध्ये घुसवतो, आणि त्याच दांड्याचं मागचं टोक तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबतं. चकती टेकली की जाड केबलचा करंट मोटरला, मोटर फिरली, इंजिन फिरलं. तुम्हाला जो टक् ऐकू येतो ना, तो हा दांडा आत गेल्याचा आवाज आहे. म्हणजे टक् आला याचा अर्थ चावी, रिले (चावीच्या छोट्या करंटवर चालणारं स्विच), बारीक वायर इथपर्यंत बहुतेक सगळं काम करतंय. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं निदान बसल्या जागी होतं.

आता त्या दोन कॉइलची गंमत. एक ओढणारी, ती तगडी, आणि एक नुसती धरून ठेवणारी. ओढणारीचं दुसरं टोक बॉडीला नसतं, मोटरच्या टर्मिनलला असतं, त्यामुळे चकती टेकून तिथे करंट आला की हिच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज होतो आणि ती आपोआप बंद पडते, राहते फक्त धरणारी. बॅटरी अशक्त असली की मोटरने खेचल्याबरोबर व्होल्टेज धाडकन पडतो, धरणारी कॉइल दांडा सोडते, चकती सुटते, लोड गेला म्हणून व्होल्टेज परत वर येतो, दांडा परत आत, परत बाहेर. कट-कट-कट-कट मशीनगनसारखा आवाज येतो तो हाच खेळ.

आवाज ऐका

तर कट-कट-कट आला की स्टार्टरकडे बघूसुद्धा नका, आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं. क्वचित ती धरणारी कॉइलच तुटलेली असते आणि आवाज असाच येतो, पण तो संशय बॅटरी शंभर टक्के चांगली निघाल्यावर घ्यायचा.

एकच भक्कम टक् आणि शांतता, ही खरी डोकेदुखी, यात स्टार्टर, केबल, अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट), जाम इंजिन सगळे संशयित. काहीच आवाज नाही, टक् पण नाही, तर ५० नंबरपर्यंत करंटच पोचत नाहीये, म्हणजे फ्यूज, रिले, चावीचं स्विच, क्लच किंवा गियरचं सेफ्टी स्विच, किंवा सोलेनॉइडची कॉइल. मोटर घुर्रर्र करून मोकळीच फिरतेय आणि इंजिन जागचं हलत नाही, तर पिनियनच्या मागचा एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतोय, ज्याला सगळे बेंडिक्स म्हणतात, किंवा काटा तुटलाय. खर्रर्र असा दातावर दात घासल्याचा आवाज, तर पिनियन नाहीतर रिंग गियर खाल्लाय, ही गाडी अशीच रेटत राहू नका, कारण पिनियन बदलणं आणि फ्लायव्हील बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, फ्लायव्हीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि इंजिन हळूहळू, कण्हत कण्हत फिरतंय तर बॅटरी, केबल किंवा आत झिजलेला स्टार्टर, तिघांपैकी कोणीही.

गाडी थंड असताना मस्त लागते पण चालवून तापली की दहा मिनिटं सेल्फ घेत नाही, असं असेल तर स्टार्टर एक्झॉस्टला खेटून आहे का बघा. उष्णतेने तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हातारा स्टार्टर आणि म्हातारी केबल दोघं मिळून हार मानतात.

एक फुकटची टेस्ट, हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. लाइट एकदम मंद झाले तर करंट कुठेतरी भरपूर खेचला जातोय किंवा बॅटरी रिकामी आहे. लाइटला काही फरकच पडला नाही आणि टक् मात्र आला, तर मोटरपर्यंत करंट जातच नाहीये. अंधार पडलेला असेल तर भिंतीसमोर गाडी असताना हा फरक फार छान दिसतो.

बॅटरी, पण नीट

"बॅटरी चांगली आहे, हॉर्न वाजतोय की" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बास. हॉर्न काही अँपिअरवर वाजतो, आणि साध्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर खेचतो, डिझेलचा त्याहून जास्त. तुलनाच नाही.

गाडी काही तास बंद उभी असताना मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर लावा, त्यांना आवळलेल्या केबलच्या क्लँपवर नाही. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.४ चालेल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, तेवढी किंवा त्याच्या खाली असेल तर आधी चार्जरला लावा आणि मगच पुढची तपासणी, अर्ध्या चार्जवर केलेली कुठलीही टेस्ट फसवते. मग मीटर तसाच ठेवून सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरत असताना आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. थेट ७-८ वर आपटला तर बॅटरी आतून गेली आहे, उभी असताना १२.६ दाखवत असली तरी. मात्र एक लक्षात ठेवा, स्टार्टर आतून शॉर्ट असेल किंवा इंजिनच जाम असेल तरी आकडा असाच पडतो, म्हणून दुसऱ्या चांगल्या बॅटरीवरून जंप केबल लावून एकदा खात्री करून घ्या.

आणि टर्मिनल. क्लँप हाताने फिरतोय का बघा, फिरला तर तिथेच उत्तर मिळालं. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, क्लँप काढून आतून पॉलिश पेपर मारा, परत बसवून घट्ट करा. माझ्या ओळखीत निम्मे "गेलेले" स्टार्टर इथेच बरे झालेत.

केबलचा खोटेपणा पकडायचा

बहुतेक लोक स्टार्टरच्या ३० नंबरवर मीटर लावतात, १२.६ दिसतात, आणि जाहीर करतात की केबल ओके. चूक. केबलच्या आतल्या शंभर तारांपैकी एकच तार शिल्लक असली ना, तरी मीटर १२.६ च दाखवणार, कारण मीटर स्वतः काही खेचतच नाही. केबलची लायकी कळते ती करंट वाहत असताना. म्हणून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा, म्हणजे केबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्ट वाटेत हरवले ते.

आधी इंजिन चुकून चालू होणार नाही याची सोय करा, फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा. गाडी न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्कला, हँडब्रेक खेचलेला, चाकाला दगड. मीटर डीसी व्होल्टवर.

लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळं टोक स्टार्टरच्या ३० नंबर बोल्टवर, आणि आता सेल्फ मारायला सांगा. मारायच्या आधी शून्य, मारल्यावर जो आकडा येईल तो केबलने खाल्लेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याच्या वर गेला तर केबल किंवा तिचे लग खराब. मग अर्थिंग, लाल टोक स्टार्टरच्या उघड्या धातूच्या अंगावर, रंग किंवा ग्रीसवर नाही, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, परत सेल्फ. इथे ०.२, फार तर ०.३. माझ्या त्या गाडीत इथे साडेचार व्होल्ट आले असते, मी मोजलेच नव्हते, ती गोष्ट वेगळी.

अर्थिंग खराब सापडलं तर ते दोन ठिकाणी बघा, बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी ही पट्टी नसली की स्टार्टरचा करंट परतायला चोरवाटा शोधतो, क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, आणि त्या केबल तापून चिकटल्याची उदाहरणं आहेत. एक झटपट खात्री, जंप केबलची काळी वायर एका टोकाला बॅटरी निगेटिव्हला आणि दुसऱ्या टोकाला इंजिनच्या जाड धातूला लावा, सेल्फ मारा. गाडी पट्कन लागली तर स्टार्टरची माफी मागा आणि पट्टी बदला.

आता स्टार्टरचीच उलटतपासणी

केबल दोन्ही चांगल्या निघाल्या, टक् येतोय, इंजिन फिरत नाही. आता मीटरचं काळं टोक स्टार्टरच्या अंगावर आणि लाल टोक मोटरच्या टर्मिनलवर, म्हणजे तो तिसरा बोल्ट. सेल्फ मारल्यावर ३० नंबरला १२ च्या आसपास आहे पण इथे शून्य किंवा जेमतेम काहीतरी, तर सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती आणि बोल्टची तोंडं जळलीत, मोटर चांगली असू शकते. इथेही जवळपास पूर्ण १२ येतात आणि तरी मोटर ढिम्म, लाइटसुद्धा मंद होत नाहीत, तर कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे, संपलेत, आर्मेचरला (मोटरच्या आतला फिरणारा भाग) टेकतच नाहीत. आणि इथे व्होल्टेज येतोय, लाइट पार मंद होतायत, केबल गरम होतेय, पण काहीच फिरत नाही, तर मोटर आतून जाम किंवा शॉर्ट आहे, नाहीतर इंजिनच जाम आहे.

इंजिन जाम आहे का हे बघायला बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाची, पट्टा फिरवणारी चकती) बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून बघा. जोर लागेल, पण फिरलं पाहिजे. गाडी साचलेल्या पाण्यातून नेल्यानंतर बंद पडली असेल तर ही टेस्ट सगळ्यात पहिली, आणि तोपर्यंत सेल्फला हात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग स्टार्टरचा विषयच राहत नाही.

टक् सुद्धा येत नसेल तर उलटं जा. ५० नंबरच्या बारीक वायरवर लाल टोक, काळं तसंच स्टार्टरच्या अंगावर, सेल्फ मारल्यावर निदान साडेदहा व्होल्ट यायला हवेत. येतायत आणि टक् नाही, तर सोलेनॉइड गेला. येत नाहीत, तर फ्यूज बघा, मग फ्यूज बॉक्समधला स्टार्टरचा रिले शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून बघा, फक्त पिना आणि नंबर सारखे आहेत ना बघून. ऑटोमॅटिक गाडी पार्कऐवजी न्यूट्रलला टाकून मारा, लागली तर गियरचं सेफ्टी स्विच. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्यांत पेडलच्या मागचं छोटं स्विच बघा, त्याचं प्लॅस्टिकचं बटण तुटून खाली मॅटवर चुरा पडलेला असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

राहिलं ते हातोडीचं. चावी फिरवलेली असताना स्टार्टरवर हलकं टकटक केलं की गाडी लागते, हे खरं आहे, संपत आलेले कार्बन जरा सरकून टेकतात. पण टकटक म्हणजे पान्याच्या मुठीने दार वाजवल्यासारखं, लोहारकाम नाही. आजकाल बऱ्याच स्टार्टरमध्ये आत कायम चुंबक चिकटवलेले असतात, जोरात हाणलं तर ते तडकतात आणि चालू असलेला स्टार्टर तुम्हीच मारता. शिवाय टकटक करून लागली याचा अर्थ बरी झाली असा नाही, गाडी घरी आणण्यापुरती मुदत मिळाली एवढाच. आणि स्क्रूड्रायव्हरने दोन बोल्ट शॉर्ट करून गाडी लावायचा जो प्रकार चालतो तो घरी करू नका, गाडी गियरमध्ये असेल तर ती तुमच्या अंगावर येते, आणि चावी नसतानाही येते.

खोलायचा ठरला तर

आधी नवा किंवा दुरुस्त केलेला स्टार्टर हातात असू द्या आणि गाडीचा मॉडेल, वर्ष, इंजिन, गिअरबॉक्स सगळं जुळवून घ्या. एकाच गाडीत मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे स्टार्टर वेगळे असू शकतात. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांचा स्टार्टर जास्त वेळा वापरण्यासाठी बनवलेला असतो, त्यात साधा बसवू नका. हायब्रिड गाडी असेल आणि केशरी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर बॉनेट बंद करा, ते काम घरचं नाही.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायचं, लावताना सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे, ३० नंबरचा नट सोडवताना पाना बॉडीला लागणारच आहे, जागाच तेवढी असते, आणि निगेटिव्ह लावलेलं असेल तर पाना वेल्डिंगसारखा चिकटतो. केबल काढायच्या आधी रेडिओला कोड लागतो का बघून घ्या, आणि डिकी विजेच्या बटणानेच उघडत असेल आणि बॅटरी डिकीतच असेल तर ती बंद करून स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका. हसू नका, होतं असं.

स्टार्टर सापडतो इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्यावर, एक मोठा गोल नळा आणि त्यावर छोटा नळा असं दिसतं. सापडत नसेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्ह केबलचा माग काढत जा. कुठे वरून हात जातो, कुठे खालून, कुठे इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो. खालून जायचं असेल तर सपाट कडक जमीन, जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवलेली गाडी, मागच्या चाकांना दगड, आणि खाली जायच्या आधी गाडीला एकदा धक्का मारून बघायचं. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, विषय संपला. इंजिन गार असू द्या, एक्झॉस्ट शेजारीच असतो.

बोल्टांना आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवा. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. आधी ५० नंबरची वायर, क्लिपवाली असेल तर खटका दाबून काढा, ओढू नका, उन्हातान्हात भाजलेलं प्लॅस्टिक कचकन तुटतं. मग जाड केबलचा नट, आणि हा सोडवताना बोल्ट स्वतः फिरत नाही ना याकडे लक्ष, फिरला तर आतली तांब्याची जोड मोडते. मग स्टार्टर धरणारे बोल्ट, दोन किंवा तीन. शेवटचा बोल्ट निघताना दुसऱ्या हाताने स्टार्टर धरलेला हवा, तीन-पाच किलोचा तुकडा असतो, डिझेलचा जास्त, आणि नाक नेमकं त्याच्या खालीच असतं. बोल्टांची लांबी वेगवेगळी असू शकते, पुठ्ठ्यावर स्टार्टरचं चित्र काढून बोल्ट त्या त्या जागी खोचून ठेवा. मध्ये पातळ पत्र्याच्या शिम निघाल्या तर त्या तशाच परत जायच्या आहेत, पिनियन आणि रिंग गियरमधली फट त्या ठरवतात.

स्टार्टर बाहेर आला की त्या भोकातून टॉर्च मारून रिंग गियरचे दात बघा, आणि क्रँक पुली फिरवत पूर्ण गोल बघा, एकाच जागी बघून समाधान मानू नका. इंजिन बंद होताना दर वेळी ठराविक दोन-तीन जागीच थांबतं, त्यामुळे सेल्फचा मार त्याच दातांवर पडतो, बाकी गियर नव्यासारखा आणि दोन जागी खाल्लेला असं असू शकतं. स्टार्टर तेलाने माखलेला निघाला तर वरून कुठून तरी तेल गळतंय, ते आधी बंद करा, नाहीतर नवा पण त्याच वाटेने जाईल.

जुन्याची आणि नव्याची जमिनीवर टेस्ट

जुना खरंच गेलाय का हे आता शंभर टक्के कळतं. स्टार्टर जमिनीवर ठेवून बुटाने घट्ट दाबा किंवा व्हाइसमध्ये पकडा, सुरू होताना झटका देऊन उडी मारतो. जंप केबलने बॅटरीचं निगेटिव्ह स्टार्टरच्या अंगाला, पॉझिटिव्ह ३० नंबरला, आणि एका छोट्या वायरने ३० वरून ५० ला क्षणभर टच. पिनियन टणकन पुढे येऊन फिरायला हवा आणि सोडल्यावर लगेच मागे जायला हवा. दोन-तीन सेकंद बास. पिनियनच्या समोर बोटं नकोत. नवा स्टार्टर सुद्धा बसवायच्या आधी असाच चेक करतो मी, डब्यातूनच खराब निघालेला वर बसवून परत उतरवण्यासारखं दुःख नाही. मात्र मोकळा फिरला म्हणजे इंजिन फिरवेलच असं नाही, जोर इथे मोजला जात नाही.

जुना उघडायची हौस असेल तर उघडा, कार्बन, बुश आणि सोलेनॉइडची तांब्याची चकती सुटी मिळते बऱ्याच मॉडेलची. चकती जळलेली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर तेवढीच बदलून स्टार्टर अनेक वर्षं चालतो. पण आर्मेचर काळं पडून जळका वास येत असेल तर त्याच्यात जीव अडकवू नका. बोटाने पिनियन फिरवून बघा, एका बाजूला मोकळा आणि दुसऱ्या बाजूला पकडायला हवा, दोन्हीकडे मोकळा फिरला तर बेंडिक्स गेला.

बसवताना

जुना आणि नवा शेजारी ठेवा, पिनियनचे दात मोजा, बोल्टची भोकं, पिनियनची दिशा, ५० नंबरची पिन कुठल्या बाजूला येते ते बघा. गिअरबॉक्सचं आणि इंजिनचं टेकायचं तोंड वायर ब्रशने चमकवा, कारण स्टार्टरचं अर्थिंग तिथूनच जातं, रंग फासलेल्या तोंडावर बसवला की परत तोच टक्. बोल्ट पहिले काही आटे हातानेच, पाना नाही, समोर बहुतेक अॅल्युमिनियम असतं आणि तिरका गेलेला बोल्ट आटे घेऊनच बाहेर येतो. सगळे हाताने लागले की आळीपाळीने आवळा, टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याला. जाड केबलचा नट मात्र ताकद दाखवून आवळू नका, घट्ट आणि बास, आणि लग दोन्ही बाजूंनी चमकवून. रबराची टोपी परत बसवा, उष्णता अडवणारा पत्रा असेल तर तो "नंतर लावू" म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. पिनियनला ग्रीस फासायची इच्छा होते, करू नका, क्लचची धूळ त्यात कालवून असा चिखल होतो की पिनियन मागे सरकत नाही.

फ्युएल पंपाचा फ्यूज परत लावला का? हे मुद्दाम विचारतोय, कारण मी एकदा विसरलो होतो आणि नव्या स्टार्टरने इंजिन घरघर फिरतंय, लागत मात्र नाही, पाच मिनिटं घामाघूम. निगेटिव्ह शेवटी लावा. पहिला सेल्फ दोन-तीन सेकंदांचाच मारा, कान देऊन. इंजिन लागल्यावर स्टार्टरचा काही आवाज मागे राहिला, शिट्टीसारखा किंवा घरघर, तर लगेच बंद करा, पिनियन अडकून राहिलाय आणि इंजिन आता स्टार्टरला फिरवतंय, उलटा खेळ, मिनिटभरात आर्मेचर फाटतं.

सगळं ठीक असेल तर ते दोन्ही व्होल्टेज ड्रॉप परत एकदा मोजा आणि आकडे बॅटरीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला. इंजिन लागल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत, नसतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि आठवड्याभरात तुम्ही परत कट-कट ऐकणार. इथून पुढे एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, नाही लागली तर अर्धा-एक मिनिट थांबायचं, स्टार्टरला पंखा नसतो, तो गार होतो तो नुसता बसून. आणि दोन दिवस चालवल्यावर, इंजिन गार असताना, निगेटिव्ह काढून बोल्टांवर एकदा पाना फिरवून बघा, माझा वरचा बोल्ट पाव आटा सरकला होता.